ऐकू आलं की बटण दाबा

हेज, कॅन्सस. सकाळचे सात दहा.
धान्याच्या कोठारांची पांढरी नळकांडी पंखाखालून मागे गेली
तेव्हा मी हाक दिली:
कॅन्सस सिटी सेंटर, सेसना पाच-दोन-सात-किलो,
साडेआठ हजारांवर चढतेय, सँटा फेला निघालेय,
जमलं तर नजर असू द्या.

जमलं तर.
हात रिकामे नसतील तर नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे.
आज होते बहुतेक रिकामे.
चार आकडे मिळाले, चार-दोन-सहा-एक,
ते मी ट्रान्सपॉन्डरला भरवले.
तो म्हणाला, आयडेंट.
एवढंसं बटण. दाबलं.
अडीचशे मैलांवर, ओलेथमधल्या बिनखिडकीच्या खोलीत
माझा ठिपका उजळला असणार.
रडारवर दिसताय, म्हणाला. काहीतरी चघळत होता.

मला हसू आलं.
माझा धंदाच हा.
पंधरा वर्षं मी माणसांना काचेच्या पेटीत बसवते,
कानांवर हेडफोन चढवते, सांगते,
ऐकू आलं की बटण दाबा, कितीही बारीक असो.
ती डोळे मिटून घेतात.
काही जण नुसत्या आशेनंच दाबतात.

गार्डन सिटीनंतर एक बाई. नाक चोंदलेलं.
दोन वाजता, तीन मैल, समोरून येतंय, उंची ठाऊक नाही.
घड्याळात पावणेनऊ.
इथे दोन वाजणं म्हणजे उजव्या खांद्याच्या जरा अलीकडचं आभाळ.
शोधलं. काच पुसून शोधलं.
दिसत नाही, म्हणाले.
मग एक चमक, सुईच्या नेढ्याएवढी, आणि गेली.
तिलाही सगळं दिसत नाही.
ते पिवळं फवारणीचं विमान, मक्याला चिकटून चाललेलं,
तिच्या पडद्यावर नव्हतंच.

पुढच्याकडे देते तुम्हाला, म्हणाली. नवा आकडा, शुभ दिवस.
नऊ वर्षांची होते. इस्लामपूरच्या स्टँडवर
आईने कंडक्टरला सांगितलं होतं,
हिला कराडला उतरवा हो, मावशी येईल.
तो फक्त मान हलवून तिकिटं फाडत राहिला.
पण पेठनाक्याला मागे वळून बघितलंन एकदा.

डॅलहार्टच्या पुढे अल्बुकर्कीचा आवाज, थकलेला:
दोन-सात-किलो, एक काम कराल?
तुमच्या खाली एक शिकाऊ पोरगा आहे, एकटा.
त्याचं मला येतंय तुटकतुटक, माझं त्याला पोचत नाही.

आठ-नऊ-जूलिएट, ऐकू येतंय का?
नुसती खरखर.
आठ-नऊ-जूलिएट.
मी पेटीबाहेर बसून बोलते तसं बोलले,
सावकाश, शब्दाशब्दात जागा सोडून.
येतंय मॅम.
आवाज फुटलेला.
सेंटर म्हणतंय, पुढे वादळ उभं राहतंय,
शून्य-चार-शून्यावर वळ, डॅलहार्टला परत जा.
शून्य-एक-चार, म्हणाला.
नाही बाळा,
शून्य-चार-शून्य.

निघून गेला तो शब्द.
टेक्सासवरच्या त्या सगळ्या हवेत एकटा.
कुणी काही विचारलं नाही.
शून्य-चार-शून्य, पोरगा म्हणाला.
वळतोय, सेंटर म्हणालं, दिसतंय मला, आभार.

मग डोंगर, साडेदहा हजार, बोटं गार,
आणि सँटा फे दिसायला लागल्यावर
रडार सेवा संपली, बारा-शून्य-शून्य लावा, टॉवरशी बोला.
बारा-शून्य-शून्य सगळ्यांचाच आकडा.
एक ठिपका ठिपक्यांत गेला.

पोरगं उतरलं का, हे कुणाला विचारायचं?
टॉवरवाल्याला वारा माहीत होता, धावपट्टी माहीत होती.

विमान दोरांना बांधलं. परत आत येऊन बसले.
सगळे स्विच बंद.
इंजिन टिकटिकत निवतंय, कानात अजून सूं.
अंगठा बोलायच्या बटणावर,
आणि काहीही वाजलेलं नसताना
दाबतेय.